गेल्या सालचं पुस्तक

नांदेडच्या बसस्थानकात देगलूरच्या गाडीची वाट बघत दीपाली बसली होती. भूमितीचं पुस्तक नुसतं नावाला उघडं. कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथं एक कवी होता अन् त्याचा छापखानेवाला.

“वाजिदभाई, डिसेंबर सरताना कुणी पुस्तक काढतं का? जानेवारी लागला की झालं ते गेल्या सालचं. यंदा निघालेल्या नव्या बक्षिसाला यंदाचंच पुस्तक लागतं, ते चालत न्हाई.”

“हाव, व्यंकटराव. नियम वाचला मी.”

“शहाणे लोक पुढचं साल छापून घेतेत. मी बोललो व्हतो.”

“बोलला व्हता.”

“अजून काय बिघडलं न्हाई. पहिलं पान नवं छापतो, नवं साल टाकतो. कोण बघून राहिलंय?”

“नको.”

“अहो, सारी जवानी घालून एक पुस्तक लिहिलं तुम्ही!”

“अम्मी शेवटचे दिवस मोजत व्हती, तिच्यासाठी घाई केली. हातात दिलं तर तिनं उलटंच धरलं. मराठी कुठं वाचता येत व्हतं तिला!”

“काय म्हणल्या?”

“म्हणली, ‘अच्छी है बेटा, मगर पतली है.’”

व्यंकटराव हसले अन् मधेच थांबले.

“मग बदलू द्या की पान. बक्षीस मिळालं तर त्यांच्याच नावाचं.”

“नव्या सालात अम्मी न्हाई, व्यंकटराव. जुनंच राहू द्या.”