विमलाबाईंना नको असलेला हार

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: कुडाळच्या एसटी स्टँडवर मालवणच्या गाडीची रांग लागली आहे. सलोनीने छातीशी आजोबांची तसबीर धरली आहे. नट रविकांत गेल्या महिन्यात वारले. संध्याकाळी मालवणात त्यांची शोकसभा आहे. नाट्यमंडळाचा बाळा हार घेऊन आला आहे आणि विमलाआजीशी त्याची जुंपली आहे.

"वयनी, फोटोक हार व्हयोच."

"नाय घालूचो."

"लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत! ह्यांनी शिरियलीत काय काम केल्यानी, म्हायत आसा मा?"

"हिरोच्या मेलेल्या बापाचा."

"म्हणजे भिंतीवरचो फोटो! जित्या माणसाक जल्मभर हार घालून टांगल्यानी."

"पण आता ते खरेच गेले, वयनी."

"म्हणान परत टांगू? शिरियलीत एकदाच पोस्टमनाचा काम गावला, एकदाच तोंड उघडूक गावला. ह्यो फोटो तेव्हाचो. बघ, बोलतत ते!"

"मगे ह्या हाराचा काय करू?"

"तूच घाल रे. शोभात तुका."

गाडी लागली. सलोनीने बाळाच्या हातातला हार घेतला आणि ड्रायव्हरकाकांना विचारून गाडीच्या पुढच्या काचेवर बांधला. मग ती खिडकीशी बसली आणि तिने आजोबांचं तोंड रस्त्याकडे केलं.