कोरडी नाव

(जेठातली दुपार. मांजरेच्या काठची रेती. दोन बैलगाड्या एकापाठी एक बांधल्यात, त्यांवर एक जुनी शिडाची नाव. निंगप्पा, त्याची बायको अक्कम्मा आणि नदीवरचा नावाडी भीमण्णा.)

भीमण्णा : ठोकू नका अण्णा, ठोकू नका! त्या फटीत माजं बोट जायलंय. चिंध्या ठोकून भरंल व्हय ती?

निंगप्पा : निघाली तवा न्हवती. शिवाची आण, एक फट न्हवती. आतून बग की.

भीमण्णा : आतून काय बगू? पल्याडचं गाव दिसायलंय तिच्यातनं.

अक्कम्मा : थट्टा नको करू रे भीमण्णा. अकरा दिस झाले, ह्या माणसाच्या पोटात धड भाकर न्हाई.

भीमण्णा : थट्टा न्हाई अक्का. रडण्यापरीस बरं म्हणून बोलायलो. अण्णा, कुठनं आणलाव ही?

निंगप्पा : चिटगुप्प्याकडनं. जहागीरदाराच्या तळ्यात पडून हुती. जहागीर गेली, मालक हैदराबादेला गेले, जाताना नाव मला विकून टाकले. शिडाचा खांब हाय, इंजन हाय. इंजन बंद पडलंय, एवढंच.

भीमण्णा : एवढंच! अन् तळ्यात तरंगत हुती का बुडलेली?

निंगप्पा : बुडलेली. निस्ता काठ वर. चार माणसं लावून पाणी उपसलो. ओझं हलकं व्हावं म्हणून दोन दिस उन्हात वाळवलो, मग गाडीवर घातलो. खटकचिंचोळीत गाडीचा आस मोडला. सहा दिस तितंच उभी.

भीमण्णा : सहा दिस. ह्या उन्हात. वर काय झाकलाव तरी?

निंगप्पा : झाकलं तर ओल राहील, लाकूड कुजंल. मी रोज फडकं घेऊन आतून पुसायलतो. थेंब राहू दिलो न्हाई.

भीमण्णा : शिवा शिवा! अण्णा, पुसलाव तुमी तिला? पाण्यात हुती म्हणून तर धड हुती वो ती! फळ्या पाणी पिऊन फुगतेत, एकमेकीला घट्ट धरतेत. सुकल्या की सोडतेत. आमच्या घरचं शेंबडं पोर सांगंल हे.

अक्कम्मा : चाकांवर मात्र रोज घागरी ओतायलते हे.

निंगप्पा : अक्कम्मा...

अक्कम्मा : न्हाई, सांगू द्या. भीमण्णा, दर मुक्कामाला हिरीतनं पाणी शेंदून मी द्यायचं अन् ह्यांनी गाडीच्या चाकांवर ओतायचं. चाक सुकलं तर लोखंडी धाव निसटती म्हणून. चार चाकं, चार घागरी. अन् वर नाव कोरडी ठणठणीत!

निंगप्पा : चाकाचं मला ठाऊक हाय. आमच्या सात पिढ्यांत पाण्यावर कोण गेलतं? मला कोण सांगितलं?

भीमण्णा : मला एक सांगावा धाडला असता तर चालत आलो असतो चिटगुप्प्याला.

निंगप्पा : तू नको म्हणला असतास. म्हणून न्हाई विचारलो.

भीमण्णा : नको म्हणलोच असतो. बरं, आता रागावून काय करायचंय. हिला काठाला उथळात सोडू, दगड भरून बुडवू. पंधरा दिस बुडू द्या. फुगली की वर काढून अंबाडीचा वाख ठोसू, राळ लावू. पण ह्या तीन फळ्या चिरल्यात, त्या पाण्यानं जुडणार न्हाईत. बीदरहून सुतार आणा, सागाची फळी आणा. महिना धरा.

निंगप्पा : महिन्यानं नदी भरंल.

भीमण्णा : भरंल की.

निंगप्पा : मला ती भरल्यावरच पाहिजे. पुरात पल्याड जाऊन लेकीला आणायचं म्हणून तर घेतलो ही. तुझा जुना डोंगा फौज आली तवाच्या धामधुमीत जाळला नसता तर मी कशाला...

भीमण्णा : अण्णा, जुना डोंगा असता तरी पुरात मी घातलो नसतो. हिलाबी घालणार न्हाई.

निंगप्पा : इंजन हाय म्हणतो की मी!

भीमण्णा : कुठाय इंजन? हे गंजलेलं लोखंड? ह्याचा मिस्त्री कुठाय?

निंगप्पा : धामधुमीनंतर गेला त्यो. लेकरंबाळं घेऊन गेला. कुठं, ते कुणी सांगत न्हाई.

भीमण्णा : मग? हे घमेलं काढून टाका, निदान नाव हलकी व्हईल. अन् शिडाचं तुमी मला सांगू नका. मांजरेला पूर आला की वारं कुठलं अन् काय कुठलं.

अक्कम्मा : ऐकलाव? आता तरी ऐका.

निंगप्पा : तू गप बस. लक्ष्मम्माला सातवा लागलाय. श्रावणात बाळंत व्हायची. विहीणबाई म्हणतेत, पेरणी उरकल्याबिगर सून माहेरी धाडणार न्हाई. पेरणी उरकली की पूर. मी काय करू? सांग, काय करू मी?

भीमण्णा : थोरल्या बसव्वाच्या वेळंला बी असंच म्हणलते ना ते?

निंगप्पा : न्हाई.

भीमण्णा : न्हाई?

अक्कम्मा : न्हाई रे. बसव्वाच्या वेळंला ते धाडायला तयार हुते. पेरणी लवकर झालती. पोरगी गठुडं बांधून बसलती. हेच म्हणले, आषाढाची अवस हाय, चार दिस जाऊ दे, अवस झाल्यावर आणू.

निंगप्पा : पुरे कर.

अक्कम्मा : गळ्यात लिंग बांधलेल्या माणसाला कसली वो अवस? आपल्यात दिस बगतेत का? शेजारचे बगतेत म्हणून तुमीबी बगलाव. त्या चार दिसांत नदी आली.

निंगप्पा : पुरे कर म्हणलो की!

अक्कम्मा : दोन वर्सं पुरेच केले मी. अन् सहा महिन्यांत त्याच घरात धाकटी दिलाव, सोयरीक तुटू नये म्हणून. तवाबी मी तोंड उघडले न्हाई.

भीमण्णा : अक्का, जाऊ द्या. अण्णा, मला आठवतंय. तुमी हितंच उभे हुते, त्या दरडीवर.

निंगप्पा : दोन दिस. दोन दिस हाका मारलो, भीमण्णा. बसव्वा, ए बसव्वा! नरडं फुटलं. पल्याड माणसं दिसायलती मुंगीएवढी, पण माजी हाक कुणाला पोचंना. अन् तिसऱ्या दिवशी पल्याडून टाळ वाजायला लागले. भजन म्हणत न्यायलते तिला. ते बरं ऐकू आलं मला. एकेक टाळ ऐकू आला.

भीमण्णा : बाळंतपणात मायलेकरं दोघंबी.

निंगप्पा : दोघंबी. म्हणून घेतलो ही नाव. अन् मीच तिला वाळवून मारलो.

(बैल खुर आपटतात.)

अक्कम्मा : भीमण्णा, आज पाणी किती हाय?

भीमण्णा : घोट्याएवढं. त्या खडकापाशी गुडघा.

अक्कम्मा : मग मी जायले.

निंगप्पा : कुठं?

अक्कम्मा : पल्याड. लेकीपाशी.

निंगप्पा : खुळी का काय तू? भेटून सांजच्याला परत...

अक्कम्मा : परत न्हाई. बाळंतपण होऊन लेकरू दोन महिन्यांचं व्हईस्तोवर परत न्हाई.

निंगप्पा : चार-पाच महिने विहिणीच्या दारात बसशील? लोक काय म्हणतील? बाळंतपण माहेरचं असतंय, अक्कम्मा. आपली रीत हाय. निंगप्पाच्या बायकूला घरात भाकर न्हाई म्हणतील.

अक्कम्मा : म्हणू द्या. विहीण टोमणे मारील, ऐकीन. तिची भांडी घाशीन, पेरणीला शेतावर जाईन. बसव्वाच्या वेळंला बी हेच मनात आलतं माज्या, नदी यायच्या आधी. लाज वाटली म्हणून गेले न्हाई. दुसरी लेक लाजंपायी घालवणार न्हाई मी.

निंगप्पा : ही नाव...

अक्कम्मा : नाव बुडवा तुमी. भीमण्णा सांगतोय तशी. पुढल्या साली कुणाच्या तरी लेकीला कामाला येईल. गाडीतलं माजं लुगडं द्या, अन् ती भाकरीची शिदोरी ऱ्हाऊ द्या तुमाला. खावा ती.

भीमण्णा : चल अक्का, खडकापातूर मी हात धरतो.

निंगप्पा : अक्कम्मा. पूर आला तर मला कळणार कसं? पोरगी कशी हाय, काय झालं, कोण सांगंल मला?

अक्कम्मा : त्याच दरडीवर या रोज सकाळी. हाक मारा.

निंगप्पा : पोचत न्हाई की हाक.

अक्कम्मा : मी काठावर येऊन उभी ऱ्हाईन. ऐकू न्हाई आलं तरी मी दिसंन तुमाला.