पेरणीआधी कुणाला विचारावं?

डोंगरातल्या बायडाबाईला वेडी ठरवणाऱ्या डॉक्टरसाहेबा, हे पाप तुझंच! ऐन भातलावणी टाकून ती म्हातारी पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात निघाली होती. घोडेगावच्या एस्टी स्टँडवर शेजारी बसलेल्या राजुरीच्या धर्माजीला हे काही केल्या पटेना.

"आजी, सायबानं इचारलं तरी काय?"

"मेलेल्या मानसाशी बोलता का, म्हनं. म्हनलं, बोलते की. मालक जाऊन लई वर्सं झाली, पर पेरायच्या आधी त्यान्लाच इचारते."

"अगं, नाय म्हनायचं!"

"सायबासंगं आफ्रिकेचा पावना व्हता, मानसाचं मन शिकायला आलेला. त्यो म्हनला, आमच्यातबी मेलेल्या थोरल्यान्ला इचारत्यात, ह्यात आजार कसला?"

"मंग?"

"सायबानं त्यालाबी गोळ्या दिल्या."

धर्माजी पोट धरून हसला.

"हसतो काय, लेका? बाप हाये का तुझा?"

"गेला औंदा."

"पिंडाला कावळा शिवला?"

"शिवंना! मंग हात जोडून म्हनलं, आबा, धाकल्याचं लगीन मी लावून देतो. लगीच शिवला."

"मंग चल माझ्यासंगं पुण्याला."

धर्माजीचं हसू जिरलं. तो ताडकन उठला.

"आन त्या सायबाचा बाप गेला, तव्हा त्यानं कावळ्याला काय कबूल केलं? सांग म्हनावं!"