करदोडा

अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर गोपाल स्वतःच्या ऑपरेशनची चिठ्ठी मुठीत चुरगाळून बसला होता. अंडकोषात पाणी झाल्याचं त्यानं घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. आता गुपचूप उठावं आणि पातूरची बस धरावी, असं त्याच्या मनात घोळत होतं. पाठीमागच्या बाकावरून दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“सिस्टर म्हणते, कंबरेचा करदोडा तोडा लागते. आमच्यात तो माणूस मेल्यावरच तोडतात, भाऊ.”

“तोडू द्या, नत्थुजी. तुमचं निस्तं पाणी हाये. अर्ध्या घंट्यात काढतात.”

“तुमाले काय माहीत?”

“मलेही पाणीच वाटलं होतं. चार वर्सं धोतरात लपवलं. दुखत नव्हतं, मंग कोणाले कायले दाखवाचं?”

“मंग?”

“आत गाठ निघाली, गोट्यावानी टणक. डॉक्टर म्हणे, लय उशीर केला.”

“अन् तुमचा करदोडा? सिस्टरनंच तोडला?”

“नाही. लेकानं तोडला.”

“कधी?”

“दिवाळीच्या पयले. अंगणात मले आंघोळ घालून राहिले होते, तवा.”

गोपालनं मागं वळून पाहिलं. बाकावर एकच म्हातारा होता.

कैची घेऊन सिस्टर आली.

“आजोबा, एकटेच कोणासंग बोलून राहिले?”

नत्थुजींनी सदरा वर केला.

“तोड, बाई. जित्तेपणीच तोड.”

“अन् मंग माहा,” गोपाल म्हणाला.