एका पेशंटला एक पास

“पंखा कोणी बंद केला?”

“बाळ कडेवर असलं तर माणसं दोन धरतात का?”

“छत्री आत नेता येत नाही, मावशी.”

दवाखान्याच्या गेटवरच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण होता आणि दारात वॉचमन.

“दादा, आईला आत्ता ऑपरेशनला नेतायत. सोड ना.”

“पास?”

“अरे, सख्खा भाऊ ना तू माझा?”

“म्हणूनच हळू बोल. वर कॅमेरा आहे.”

“पास आहे कोणाकडे?”

“माझ्या खिशात. माझ्या नावाचा.”

“मग तू तरी जा वर!”

“ड्युटीवर असताना नातेवाईक होता येत नाही. नियम आहे.”

“मग मला दे तो.”

“फोटो माझा आहे. परवा मागच्या गेटवाल्यानं असंच एकाला सोडलं. घरी बसलाय आता.”

“म्हणजे ती एकटीच जाणार? घाबरते रे ती.”

“मला सांगतोस?”

“दादा!”

“बाजूला हो. पुढचे, या.”

सकाळी पासाच्या खिडकीशी मी त्यांच्या आईच्याच मागे उभा होतो. ती म्हणाली होती, “थोरल्याचं नाव घाला, तो कायम इथंच असतो.”