धाकूबाबांच्या गाऱ्हाण्याला आलेलं उत्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अनंतराव, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर पाहुणे, जिच्यासाठी आपण जमलो ती शर्मिष्ठा, आणि पंख्याखालची जागा न मिळाल्याने रुसलेल्या माझ्या मुलुंडकर बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

आपल्या मंडळाची वेबसाइट सांभाळणारी शर्मिष्ठा लेकीकडे नाशिकला राहायला चालली आहे. तिचं कौतुक अध्यक्ष करतीलच, ते मनाचे मोठे आहेत. मी तिची मैत्रीण, तेव्हा मी तिची चूक सांगणार. हसतेस काय गं? सांगणारच.

कोकणातली गाऱ्हाणी चित्रित करून आपण वेबसाइटवर ठेवतो. आपले धाकूबाबा गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या गावच्या देवाचं गाऱ्हाणं संपूर्ण येणारे तेच उरले होते. गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मागून थांबतो आणि भोवतीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही रीत कोणाला ठाऊक नाही? पण शर्मिष्ठाला आवाज स्वच्छ हवा होता! तिने आम्हाला गप्प बसवलं. बाबा म्हणाले, “देवा म्हाराजा, लेकरांची राखण कर रे म्हाराजा!” आणि थांबले. आम्ही चिडीचूप. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग पुढचं मागणं घेतलं. शेवटपर्यंत असंच. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा गेले.

जत्रा तोंडावर आली. गाऱ्हाण्याचा मान आता त्यांच्या मुलाकडे, सहदेवकडे, आणि त्याला ते अर्धंच पाठ. गावाहून त्याचा फोन, “ताई, वेबसाइटवर टाका ना लवकर. बाबांचं गाऱ्हाणं माझ्या हातून मोडायला नको.”

फाईल अवाढव्य. चढता चढता अडकली. शर्मिष्ठाने वायफाय सोडून वायर जोडली, ब्राउझर बदलला, कॉम्प्युटर मध्येच झोपणार नाही असं केलं. मग फाईलचे तुकडे केले. सगळे चढले, शेवटचा तेवढा अडला. पवईला भाच्याच्या ऑफिसात इंटरनेट सुसाट, तिथे नेला. तिथेही अडला, त्याच जागी. संमेलनाची त्याहून मोठी फाईल मात्र सरळ गेली. मग दोष कशाचा?

आम्ही दोघींनी तो तुकडा लावून पाहिला. शेवटचं मागणं मागून बाबा थांबले होते आणि थेट आमच्याकडे बघत होते. मला राहवेना. म्हटलं, “अगं, ते वाट बघतायत.” शर्मिष्ठाने कानावरचे हेडफोन काढले. मंडळाच्या रिकाम्या खोलीत आम्ही दोघी हळूच म्हणालो, “व्हय म्हाराजा.”

अडलेला तुकडा चढला.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. नेमकी तेव्हाच लाईन सुधारली असेल, असं म्हणा. मीही तेच म्हणत होते. पण मग वेबसाइटवर ऐकलं, तर प्रत्येक मागण्यानंतर उत्तर होतं. आमचं नव्हे. एका बाईचं, जरा लांबून आल्यासारखं. आमच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फाईलमध्ये मात्र तीच शांतता. खरं सांगते, मी घाबरले.

शर्मिष्ठाने सहदेवला फोन केला. “कुणाचा तरी आवाज मिसळलाय रे. साफ करून पुन्हा टाकते.”

त्याने आधी वेबसाइट लावून ऐकलं. मग तो गावच्या बोलीत म्हणाला, “काढू नको गे बाय. ती माजी आवस. बाबा गाऱ्हाणा घाली, तेवा चुलीकडसून पयली तीच बोला.”

सहदेव शाळेत असतानाच त्याची आई वारली होती.

त्या आवाजाबरोबर म्हणून म्हणून त्याने गाऱ्हाणं पाठ केलं आणि जत्रेत अक्षरही न चुकता घातलं. शर्मिष्ठा, तुझ्या चिकाटीमुळे हे झालं. मंडळाच्या वतीने तुझे मनापासून आभार, आणि आज तू निघालीस याचं मला फार वाईट वाटतं. अध्यक्षांनी वेळेकडे काणाडोळा केला, आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला.

आता तेच गाऱ्हाणं आपण इथे लावणार आहोत. बाबा थांबले की सगळ्यांनी मोठ्याने उत्तर द्या. नाही दिलंत तरी उत्तर येईलच. पण सभागृहात एवढी माणसं असताना ते त्या एकट्या बाईवर सोडायला नको.