मधली खालची रेघ

नाही म्हणजे नाही, मॅडम! तो सुधारणेचा कागद तुमच्याच हातात असू द्या, मी सही करणार नाही. निरोप पाठवणाऱ्या सर्व्हरच्या नावात काय चालेल? अक्षरं, आकडे, डॅश आणि टिंब. संपलं! हा नियम मी लिहिलाय, आणि त्यापायी समितीतल्या अकरा जणांनी तीन वर्षं माझं डोकं खाल्लं — एकाला नावात मोकळी जागा हवी, एकाला हसरा चेहरा — हसू नका, खरंच मागितला होता! आता तुम्ही आलात अंडरस्कोअर घेऊन. त्या खालच्या रेघेवाचून कुणाचं काय अडलंय? माझी मुलगीच घ्या — हो, तीही ह्याच कामात, माझ्याच हाताखाली शिकली — तिची आई गेली तेव्हा घरच्यांसाठी म्हणून सर्व्हर उभा केला बाईसाहेबांनी. नाव काय, तर आईचं नि स्वतःचं, मध्ये अंडरस्कोअर! म्हटलं, डॅश घाल. तर म्हणे, ‘बाबा, डॅश वजाबाकीसारखा दिसतो. आई वजा मी, असं नाही लिहिणार.’ ऐका! म्हटलं, मग बस तशीच, लेकीसाठी नियम वाकवणार नाही मी. त्याला झाली दोन वर्षं. एक ओळ नाही तिची. फोन? मी का करू? अडलंय माझं खेटर! बघतो, नाही असं नाही — सकाळी दात घासायच्या आधी बघतो — पण काही नाही. बापापेक्षा रेघ मोठी झाली तिला.

काय म्हणालात? माझा सर्व्हर? पाळतो की नियम, सगळ्यात आधी त्यानेच पाळला. नाव चुकीचं दिसलं की निरोप उघडायचा नाही, टाकून द्यायचा — आणि पाठवणाऱ्याला कळवायचंही नाही, कशाला नसत्या चौकशा! हे कलमही माझंच. टाकलेल्याची नोंद तेवढी राहते, नाव आणि तारीख. बघायचीय? बघा ना, उघडतो. तुमच्यासारख्यांचाच कचरा असणार सगळा...

हे तिच्या आईचं नाव.

हेही. रोज? — नाही हो, मजकूर नसतो ठेवलेला, ठेवू नये असं मीच लिहिलंय — रविवारीसुद्धा. माझ्या वाढदिवशी चार. तिला वाटलं असेल, बाबा वाचतायत आणि उत्तर देत नाहीत. थांबा, खाली जाऊ द्या मला. फेब्रुवारी. मार्च. मार्चनंतर — मार्चनंतर एकही नाही.

कागद ठेवा तिथे. नाही, पाणी नको. तुम्ही जा आता. जा म्हटलं ना, मॅडम.